जुन्या छपाईची नवी सुती कापडं: क्विल्ट शिवून, वापरून, धुऊन झाल्यावर

अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टांवरच्या (तुकडे जोडून शिवलेल्या, गोधडीसारख्या पांघरुणांवरच्या) छपाईवरून आज नव्याने छापलेल्या सुती कापडाला रिप्रॉडक्शन म्हणतात. त्यातले दोन गट भरपूर वापरून झाले. एक यादवी युद्धाच्या काळातला, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या आसपासचा: तपकिरी, गडद लाल, निळी कापडं. दुसरा १९३० च्या दशकातला: पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील पोत्यांवरची फिकी, बारीक फुलं. कापड घेताना सगळ्यात आधी एकच बघावं. छापणाऱ्याने मूळ कापड नवं असतानाचा रंग धरलाय, की आज त्यावर उरलेला?

यादवी काळाच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच कापडांची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, चहात बुडवून काढल्यासारखी पिवळट असते. मूळ शर्टिंगची (शर्टासाठीच्या फिक्या, बारीक नक्षीच्या कापडाची) जमीन नवी असताना पांढरी किंवा किंचित दुधी होती. ही पिवळट छटा नंतर वयाने आली. एखादा तुकडा तसा असला तर छान दिसतो. पण सगळीच फिकी कापडं तशी घेतली, तर फिक्या आणि गडद कापडातलं अंतर मरतं, जोडकामातल्या चांदण्यांचे त्रिकोण लांबून उठूनच दिसत नाहीत आणि चार धुलायांनंतर क्विल्ट मळका वाटायला लागतो. फिक्या कापडांत निम्म्याहून जास्त स्वच्छ पांढऱ्या जमिनीची ठेवावीत. निवड झाली की ती शेजारी शेजारी मांडून कृष्णधवल फोटो काढावा. कोणतं कापड ना फिकं ना गडद, मधेच लटकतंय ते लगेच कळतं.

तपकिरी कापडांत मात्र नवं कापड जुन्यापेक्षा सरस आहे. मूळ तपकिरी बऱ्याचदा मंजिष्ठाचा, म्हणजे त्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या रंगाचा. तुरटीवर मंजिष्ठ लाल उठतो, लोहावर जांभळट-काळा, आणि दोन्ही मिसळून तपकिरी. जास्त लोह असलेलं कापड काळाच्या ओघात कुजतं, म्हणून जुन्या क्विल्टांत शेजारचा गुलाबी तुकडा धड असतो आणि तपकिरीच्या जागी नुसता कापूस दिसतो. आजचे रंग वेगळे असल्याने ती भीती नाही. त्यामुळे दुरुस्तीला ही कापडं फार कामाची. जुना तुकडा कापून काढू नये. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्यावं, जुन्या तुकड्यावर ठेवावं, कडा आत दुमडाव्यात आणि शेजारच्या शिवणीला लागून बारीक सुती दोऱ्याने हाताने टाके घालावेत. कापड न धुता लावलं, तर पुढच्या धुलाईत ते आटतं आणि भोवतालचं जीर्ण कापड ओढून फाडतं. मागे दुरुस्तीचं साल जरूर लिहावं. चांगलं रिप्रॉडक्शन पुढे जाणकारालाही फसवू शकतं.

रंग सुटण्याची तक्रार मुख्यतः लाल आणि नीळवर्णी कापडांची. कापायच्या आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या सुती कापडावर ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. डाग पडला, तर कापड डिटर्जंट घातलेल्या भरपूर गरम पाण्यात वेगळं धुवावं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगरने हा रंग पक्का होत नाही, कारण सुटतो तो धाग्याला न चिकटलेला जादा रंग; तो धुऊन काढावाच लागतो. शिवून झालेल्या क्विल्टवर रंग उतरलाच, तर तो वाळू देऊ नये. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात डिटर्जंट घालून रात्रभर पूर्ण बुडवून ठेवावा. एकही घडी पाण्याबाहेर राहता कामा नये, नाहीतर तिथेच रंगाची रेघ बसते.

१९३० च्या गटात नमुने गोड, पण बहुतेक एकाच मापाचे. नुसती बारीक फुलं जोडत गेलं की सगळं एकसारखं दिसतं. मधूनमधून चौकडी, पट्टे आणि त्या काळातला दुधी हिरवा साधा रंग हवाच. छापील चौकडी पुष्कळदा धाग्याला सरळ नसते. लहान तुकडे छपाईच्या रेषेवर कापावेत, पण आधी खळ देऊन, कारण कडा थोड्या उरेब (धाग्याला तिरक्या) जातात आणि शिवताना ताणतात. मूळ पोत्यांचं कापड याहून जाड विणीचं असे. शंभर पौंडांचं पोतं उसवलं की एक वारापेक्षा थोडं जास्त कापड निघे आणि काठाशी साखळी टाक्याच्या भोकांची रांग राही. आजच्या कापडाची वीण दाट आहे, म्हणून छपाई जास्त रेखीव उठते. ॲप्रन, शर्ट, लहान मुलांचे फ्रॉक यांना ते उत्तम. त्या काळच्या उरेब घेराच्या स्कर्टला मात्र घेऊ नये. क्विल्टिंगचं सुती कापड अंगावर पडत नाही, ताठ राहतं. तिथे लॉन, म्हणजे पातळ, मऊ सुती कापड घ्यावं.

अडीच इंची तयार पट्ट्या वापरणार असाल, तर बाकीचं कापडही न धुताच वापरा. पट्ट्या धुतल्या की कडा उसवतात, आणि धुतलेलं-न धुतलेलं एकत्र शिवलं की पुढे शिवणी आखडतात. पट्टीच्या नागमोडी कडेचं माप टोकापासून आहे की खाचेपासून, हे पट्टीनिहाय मोजा. सगळे उत्पादक एकसारखं कापत नाहीत. पाव इंचाची शिवण तिथेच चुकते.

एकदा छापलेला संच संपला की तोच पुन्हा मिळेल याची खात्री नसते, म्हणून कडेच्या पट्टीचं (क्विल्टची कड झाकणाऱ्या बाइंडिंगचं) कापड सुरुवातीलाच घ्यावं. ६० बाय ७२ इंचाच्या क्विल्टचा घेर २६४ इंच. कापडाचा वापरता येणारा पन्हा ४० इंच धरला, तर अडीच इंची सात पट्ट्या तिरक्या जोडांत आणि कोपऱ्यांत कमी पडतात. आठ लागतात, म्हणजे २० इंच कापड. अर्ध्या वारात ते बसत नाही. पाऊण वार घ्या.