दादरचं जुन्या पुस्तकांचं दुकान: नेताजींचं कपाट भारी, भाव चढे

दुकानात धड उभं राहायला जागा नाही, पण मागच्या कपाटात नेताजींच्या मृत्यूवरचा जो माल आहे ना, तो बघाच. 18 ऑगस्ट 1945 ला तैहोकूला (म्हणजे आजचं तैपेई, तैवान) विमान पडलं, नेताजी भाजून गेले ही सरकारी गोष्ट, आणि मग त्यावर रशियाच्या कैदेतले नेताजी, फैजाबादचे गुमनामी बाबा (हा साधू म्हणजेच नेताजी, असं काही जण मानतात), काय वाट्टेल ते. मला खरी मजा आली चौकशी अहवाल चाळताना. 1956 च्या शाहनवाज समितीत दोघं अपघात म्हणाले आणि तिसरे, म्हणजे नेताजींचे सख्खे भाऊ सुरेशचंद्र, त्यांनी वेगळंच मत लिहून दिलं, आता बोला! पुढे खोसला आयोग अपघातच म्हणाला, मुखर्जी आयोग नाही म्हणाला, सरकारने 2006 ला तो अहवालच फेटाळला. गुमनामी बाबांबद्दल मुखर्जींनाही ठोस पुरावा मिळाला नव्हता, तरी गिऱ्हाईक त्याच पुस्तकांना जास्त (दुकानवाले काका स्वतः सांगतात, हसत हसत).

बाकी, पेन्सिलीने लिहिलेली किंमत खोडून वर दुप्पट टाकलेली स्पष्ट दिसते, त्यामुळे घासाघीस कराच. कॅश ठेवा. आणि पावसाळ्यात खालच्या खणातलं काही घेऊ नका, पानं चिकटलेली असतात.