जर्मनी की मॉरिशस?

तो म्युनिकला, ती बडोद्यात, दांडिया बाजारला. भेटायचं कुठे? जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा: फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँक स्टेटमेंट, रजेचं पत्र आणि ‘मी परत येणारच’ हे पटवून देणारी जाडजूड फाइल. मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पुरेसे पैसे दाखवले की झालं. मुंबईहून थेट विमानही आहे. पण तिथे दोघंही पाहुणे, रजा दोघांची, हॉटेलचं बिलही वरून. म्युनिकला त्याच्या सिंकमधली दोन दिवसांची भांडी दिसतील! लग्नाची बोलणी चालू असतील तर माझं मत जर्मनीला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तारखा नवरात्र सोडून घ्या, बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको.