पंख्याची पाती: उशीचा अभ्रा की ओले फडके?

मुंबईत, विशेषतः माहीम-वरळीसारख्या समुद्रालगतच्या भागांत, पंख्याच्या पात्यांवरची धूळ कोरडी राहत नाही. दमट, खाऱ्या हवेमुळे ती चिकटून बसते आणि स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तर फोडणीच्या वाफेने तिचा काळपट, तेलकट थर होतो. अशा थरावर जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढण्याची पद्धत चालत नाही. मात्र दर पंधरवड्याला नुसता हात फिरवायचा असेल, तर अभ्राच उत्तम, कारण धूळ त्याच्या आतच राहते आणि खालचे अंथरूण झाकावे लागत नाही.

ओल्या फडक्याला वेळ लागतो, पण तेलकटपणा त्यानेच निघतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून फडके घट्ट पिळावे, मेन स्विच बंद करावा आणि पाते खालून एका हाताने धरूनच पुसावे. पाते वाकले की पंखा डुगडुगू लागतो. मोटरमध्ये पाणी मुळीच जाऊ देऊ नये. तो भाग कोरड्या ब्रशनेच झाडावा. शेवटी कोरडे कापड फिरवणे मी कधीच टाळत नाही, कारण स्क्रूंवर ओल राहिली तर इथल्या हवेत ते लवकर गंजतात.