पंचवीस स्नोमॅन शोधताना: जीटीए ऑनलाइनचा आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर २०२२ मध्ये पीसीवर जीटीए ऑनलाइन, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो हा इंटरनेटवर इतरांसोबत खेळायचा व्हिडिओ गेम, खेळायला घेतलं, आता जून लागलाय. गाड्या, बंगले, दरोडे सगळं करून झालं. तरी कुणी विचारलं की या गेममध्ये तुला सर्वांत जास्त काय आवडलं, तर मी डिसेंबरचे ते पंचवीस स्नोमॅनच सांगेन.

आव्हान ऐकायला सोपं आहे. नाताळच्या दिवसांत गेमच्या नकाशाभर २५ स्नोमॅन, म्हणजे बर्फाचे पुतळे, उभे असतात. सगळे शोधून फोडले की स्नोमॅनचा पोशाख मिळतो. पण नकाशावर त्यांची एकही खूण नसते. गेममधलं लॉस सँटोस हे लॉस एंजेलिसवर बेतलेलं शहर, एरवी कडक उन्हाचं. तिथे त्या दिवसांत बर्फ पडतो, गाडी वळणावर घसरते आणि पांढऱ्या जमिनीवर पांढरा पुतळा शोधत बसावं लागतं.

माझा दादा टोरोंटोला असतो. तो प्लेस्टेशनवर खेळतो, मी पीसीवर, आणि या गेममध्ये दोन्हीकडचे खेळाडू एकत्र येऊ शकत नाहीत. मग आम्ही फोन चालू ठेवून गेममध्ये आपापले हिंडायचो. माझ्याकडे सकाळचे साडेसहा, त्याच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. त्याचे सगळे आधीच सापडले होते. मी म्हणायचो, "दादा, सांग ना कुठे आहे ते." तो म्हणायचा, "सांगणार नाही. गाडीतून उतर आणि घरांच्या मागे जाऊन बघ." त्याचं ऐकलं हे फार बरं झालं.

कारण पहिले चार मी इंटरनेटवरचा तयार नकाशा बघून फोडले होते, आणि त्यातला एकही आज डोळ्यांसमोर येत नाही. जायचं, फोडायचं, पुढचा ठिपका. नकाशा बंद केल्यावर मात्र गेममधलं गाव दिसायला लागलं. व्हेस्पुची बीचच्या मागच्या गल्ल्या, अलामो सीच्या काठावरची पत्र्याची घरं, पॅलेटो बेमधला तो एकच सरळ रस्ता. दोन महिने मी इथून फक्त सुसाट गेलो होतो.

करून बघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. गेममधला एक तास म्हणजे आपली दोन मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस ४८ मिनिटांत संपतो. अंधार पडला की शोध थांबवा, डोळे फुकट दुखतात. इन्व्हाइट ओन्ली सेशन लावा, म्हणजे तुम्ही बोलावलेलेच खेळाडू आत येतात, नाहीतर तुम्ही कुंपणावरून वाकून बघताय तोवर कुणीतरी रॉकेट सोडतो. उडत्या बाइकपेक्षा साधी डर्ट बाइक बरी. वरून सगळी अंगणं सारखीच दिसतात. मी उत्तरेकडून, माउंट चिलियाड या डोंगराच्या पायथ्यापासून सुरुवात केली आणि शहर शेवटी ठेवलं. तिकडे वस्ती विरळ, त्यामुळे नजर लवकर तयार होते.

चौदावा फोडला आणि आमच्याकडची लाइट गेली. चार तासांनी परत आलो तर आकडा चौदावरच होता, हायसं वाटलं. गेम शंभर जीबीहून मोठा आहे. आमच्या केबलवाल्याच्या कनेक्शनवर तो उतरवायला अडीच दिवस लागले होते, तेवढी तयारी ठेवा. आणि गेम प्रौढांसाठीचा आहे, स्नोमॅन आहेत म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका.

पंचविसाव्याने सहा दिवस घेतले. शेवटी सापडला तो मी रोज जात होतो त्याच रस्त्यालगत, एका घराच्या अंगणात. बाइक उभी केली, दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो बाहेर दारातला खराखुरा बर्फ फावड्याने ओढत होता. "थांब, फोडू नकोस, मला आत येऊ दे," म्हणाला. स्क्रीन त्याला दिसावी म्हणून मी मोबाइल मॉनिटरसमोर धरला, दुसऱ्या हाताने नेम धरला. दोन गोळ्या चुकल्या, तिसरी लागली.

जानेवारीत बर्फ वितळला, स्नोमॅन गेले. पण शोधायच्या वस्तू बारा महिने असतात: कसिनोचे खेळायचे ५४ पत्ते, १०० अ‍ॅक्शन फिगर (खेळण्यातले छोटे पुतळे), ५० सिग्नल जॅमर (सिग्नल अडवणारी यंत्रं). जॅमर उंच भिंतींवर असतात आणि जवळ गेलं की आवाज करतात, म्हणून ते हेडफोन लावून शोधायचे. पन्नासही फोडले की गेममधल्या कसिनोच्या दरोड्यासाठी आवी श्वार्ट्झमन हा हॅकर साथीदार म्हणून मिळतो. माझे एकतीस झालेत, नकाशा न बघता. दादा अठ्ठावीसवर आहे, आणि यावेळी सूचना मी देतोय.