शहरातलं जुनं कॉलेज की रिंग रोडपलीकडचा कॅम्पस? नागपुरात प्रवेश घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, यवतमाळकडून फोन सुरू होतात. फी आणि प्लेसमेंटचं विचारून झालेलंच असतं. मग आईच्या हातात फोन जातो आणि खरा प्रश्न येतो, "पोरगी राहील ना तिथं नीट?" माहितीपुस्तिकेत याचं उत्तर नसतं. हा आढावा तेवढ्यापुरताच आहे. मनावर ताण आला तर कोण आहे, रोजच्या जगण्याच्या सोयी कशा आहेत, आणि पर्यावरण हा सगळ्यांना सक्तीचा असलेला विषय खरोखर शिकवतात की उरकतात.

तुलना दोन प्रकारांची आहे. पहिला प्रकार म्हणजे सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, धरमपेठ, काँग्रेसनगर या पट्ट्यातली शासकीय आणि अनुदानित कॉलेजं. हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस १८८५ चं (त्याचं आजचं नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था), शासकीय विज्ञान संस्था १९०६ ची. नागपूर विद्यापीठच मुळी १९२३ चं, म्हणजे ही मंडळी विद्यापीठाहून वडील. दुसरा प्रकार हिंगणा रोड, वर्धा रोड, काटोल रोडकडचे खासगी कॅम्पस. यांतली बरीच स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, त्यांची स्वतःची बस असते, स्वतःचं वसतिगृह असतं. गल्लीबोळातल्या दोन मजली कॉलेजांना मी यात धरलेलं नाही; तिथे या तीनपैकी एकही गोष्ट सहसा नसते.

माझं मत आधीच सांगतो. शहरातल्या कॉलेजच्या आत कमी असतं, पण फाटकाबाहेर अख्खं नागपूर असतं. बाहेरच्या कॅम्पसमध्ये जे काही आहे ते फाटकाच्या आतच. म्हणून बाहेरचं कॉलेज निवडणाऱ्याने तपासणी दुप्पट कडक करायला हवी.

समुपदेशन: माणूस कोण, बसतो कधी

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. त्यामुळे आता "आमच्याकडे समुपदेशक आहे" हे सगळेच म्हणतात. नुसत्या या वाक्यावर विसंबू नका. पुढचे प्रश्न विचारा: पूर्णवेळ की आठवड्यातून एक दिवस? शिक्षण काय? आणि खोली कुठे आहे?

खोलीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण मी त्यालाच सर्वांत जास्त महत्त्व देतो. कॉलेजात गेलात की गेटवरच्या चौकीदाराला विचारा, समुपदेशन कक्ष कुठे आहे. त्याला ठाऊक नसेल तर विद्यार्थ्यांनाही ठाऊक नाही. आणि तो कक्ष प्राचार्यांच्या केबिनला लागून असेल, समोर क्लार्कचं टेबल आणि बाकावर फॉर्म भरणारी गर्दी असेल, तर तिथे कुठलंही पोर पाऊल टाकणार नाही. आत सोफा कितीही गुबगुबीत असो.

शहरातल्या कॉलेजांत हे काम बहुधा मानसशास्त्राच्या किंवा गृहविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं. जोडीला मेंटॉर-मेंटी योजना असते. म्हणजे एका प्राध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी, त्यांची नोंदवही, महिन्याकाठी एक बैठक. जिथे मानसशास्त्राचा विभाग जुना आणि जिवंत आहे तिथे हे चांगलं चालतं. अडचण एकच, पण मोठी: जो माणूस तुमचं दुखणं ऐकतो तोच अंतर्गत गुण देतो. मग पोरं त्याच्यासमोर "सगळं ठीक आहे सर" एवढंच बोलतात, आणि नोंदवहीत तेच लिहिलं जातं.

इथे शहर मदतीला येतं. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, सकाळच्या ओपीडीत दाखवायचं. रांग मोठी असते, बाक मोडके असतात, पण समोर डॉक्टर असतो आणि खर्च जवळपास नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयही नागपुरातच आहे. तिथे जायला मुलं कचरतात. सारा गाव त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतो, ऑटोवाल्याला पत्ता सांगायलाच जीभ अडखळते. मेडिकलला मात्र कोण कशासाठी आलंय ते कुणी विचारत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो आडोसा फार मोलाचा असतो.

बाहेरच्या कॅम्पसवर नेमलेला समुपदेशक असण्याची शक्यता जास्त. तो शिकवत नाही, गुण देत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण वेळ पाहा: दहा ते पाच. पाचला कॉलेजची बस सुटते आणि समुपदेशकही तिच्यातूनच घरी जातो. वसतिगृहातलं रडणं मात्र रात्री अकराला सुरू होतं. त्या वेळी कोण? रेक्टर तिथेच राहतो की फोनवर असतो? रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची, परवानगी कुणाची? हिंगणा रोडवरच्या वानाडोंगरीहून मेडिकल दिवसा फार लांब वाटत नाही, रात्री वाटतं. या प्रश्नाला प्रवेश समितीतला माणूस "तशी वेळ येत नाही" म्हणाला, तर मी तिथून उठेन.

आणखी एक मुद्दा, यावर पालकांशी माझं नेहमी वाजतं. खासगी कॅम्पस पालकांना खूश ठेवतो. गैरहजेरीचा मेसेज बापाच्या मोबाइलवर जातो, इथवर ठीक. पण समुपदेशकाला सांगितलेली गोष्टही घरी कळवली जात असेल तर ते समुपदेशन नव्हे, हेरगिरी झाली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल तर घरी कळवावंच लागतं, तो अपवाद सगळीकडे मान्य आहे. बाकी वेळी काय करता, हे समुपदेशकालाच थेट विचारा, शक्यतो मुलीसमोर. तिला ते उत्तर ऐकू येणं महत्त्वाचं.

दोन्हीकडे चालणारी गोष्ट म्हणजे टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. वसतिगृहाच्या जिन्यात, मेसच्या भिंतीवर हे दोन नंबर लावलेले दिसतात का, तेवढं बघा. न्यायालयाने हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायला सांगितलेलंच आहे.

सोयी: आधी कूलर, मग जिम

बाहेरच्या कॅम्पसच्या माहितीपत्रकात जिम, टेनिस कोर्ट, कॅफेटेरिया असतो. शहरातल्या कॉलेजच्या पत्रकात बहुतेक वेळा इमारतीचा फोटो आणि संस्थापकांचा फोटो. फोटोंवरून ठरवलं तर सामना एकतर्फी आहे.

पण नागपुरात राहायचं म्हणजे उन्हाळा काढायचा, आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. पारा ४५ च्या वर जातो, खोलीतला पंखा गरम हवा फेकतो. म्हणून वसतिगृह पाहताना पहिला प्रश्न: कूलर लावू देतात का? देत असतील तर कूलर कुणाचा, विजेचे पैसे वेगळे का, आणि पाणी भरायला तिसऱ्या मजल्यावर नळ येतो का? मे महिन्यात टँकरवर अवलंबून असलेला कॅम्पस मुलांना कूलरला पाणी देईलच असं नाही. वर्धा रोडच्या पुढच्या भागात हा प्रश्न आवर्जून विचारा. परीक्षेच्या हॉलमध्ये कूलर आहे का, हेही. शहरातली जुनी दगडी इमारत, उंच छत, जाड भिंती, इथे उगाच भाव खाऊन जाते.

शहरातल्या बहुतेक कॉलेजांना पुरेसं वसतिगृह नाही. मग खोली किरायाने, डबा लावायचा आणि दिवस अभ्यासिकेत काढायचा. हे स्वस्त पडतं, मोकळीक असते, पण पोर आजारी पडलं तर दोन दिवस कुणाला पत्ता लागत नाही. मुलींच्या बाबतीत मी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करायला सांगतो. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपयांची. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अटी आणि तारखा बदलत राहतात, त्या श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात किंवा आपापल्या विभागाच्या कार्यालयात जाऊन बघाव्यात.

शिष्यवृत्तीत शहरातली जुनी कॉलेजं पुढे आहेत, कारण तिथला महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) पाहणारा क्लार्क वर्षानुवर्षं तेच काम करतोय. कुठला दाखला अडतो, आधार बँकेला जोडलेलं नसलं तर काय होतं, हे त्याला पाठ असतं. खडूस असेल, पण त्याच्या हातून फॉर्म परत येत नाही. बाहेर कर्मचारी सारखे बदलतात. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो आणि मुलाला कळतं मार्चमध्ये. 'कमवा व शिका' योजना कुठे चालते तेही विचारून घ्या.

मुलींची कॉमन रूम, पॅडचं यंत्र, स्वच्छतागृह या बाबी बाहेर बऱ्या असतात. यंत्र भिंतीवर असणं आणि त्यात पॅड असणं यात फरक आहे, एवढं बघून घ्या. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने आणि तक्रार निवारण समिती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांनी सगळ्यांनाच बंधनकारक आहे. फलकावरची सदस्यांची नावं चालू वर्षाची आहेत का, यावरून त्यांचा कारभार कळतो.

पर्यावरण: फाइल मागून बघा

हा विषय पदवीला आला तो न्यायालयामुळे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण देण्याचा आदेश दिला. पदवीच्या पातळीवर यूजीसीचा समान अभ्यासक्रम यायला २००४ उजाडलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात तो मूल्यशिक्षणाच्या क्रेडिटांत बसवला आहे. कला, वाणिज्य, विज्ञान, कुणालाच सुटका नाही. म्हणूनच तो सगळीकडे उरकलाही जातो.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे विभागात जाऊन मागच्या वर्षीच्या प्रकल्पांच्या चार फाइली बघायला मागायच्या. 'जागतिक तापमानवाढ: एक समस्या' असं मुखपृष्ठ आणि आत झेरॉक्सच्या दुकानातून निघालेली तीच वीस पानं असतील तर समजून जा. त्याच जागी अंबाझरी तलावातल्या जलपर्णीची, किंवा स्वतःच्या वस्तीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाणाऱ्या कचऱ्याची मोजदाद असेल, हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर शिक्षकांच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या असतील, तर ते कॉलेज शिकवतंय.

इथे शहरातल्या कॉलेजांना आयती प्रयोगशाळा मिळालेली आहे. नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तिचं मुख्यालय नागपुरात, १९५८ पासून. नाग नदी सीताबर्डीच्या पाठीमागून वाहते, म्हणजे तिला नाला करून टाकलंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, अंबाझरी लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं, मोर भवनचं बसस्थानक बुडालं. नदीच्या पात्रात बांधकाम केलं की काय होतं हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण कोणतं हवं? सकाळी वर्गात सांगावं आणि दुपारी पायी दाखवून आणावं, इतकं ते जवळ आहे. तरीही किती वर्ग तिथवर जातात हा भाग निराळा. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा ही जंगलंही हाताशी आहेत.

बाहेरच्या कॅम्पसचं बळ वेगळं. तिथे जागा असते. सौर पॅनेल, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, पावसाचं पाणी साठवायचं तळं, मेसच्या उरलेल्या अन्नाचं खत, हे सगळं दाखवता येतं. स्वायत्त असेल तर अभ्यासक्रमात स्थानिक भागही घालता येतो. हिंगणा एमआयडीसी शेजारी आहे, झिल्पी तलावही फार लांब नाही. फक्त एक विचारा: ते शुद्धीकरण केंद्र विद्यार्थी चालवून बघतात का, की त्याला कुलूप असतं आणि कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली की उघडतं? नॅकच्या मूल्यांकनात सातवा निकष संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रमांचा आहे, पाचवा विद्यार्थी-साहाय्याचा. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या स्वयंमूल्यमापन अहवालात हे दोन भाग वाचले तर अर्ध्या तासात बरंच कळतं. दरवर्षीचा वृक्षारोपणाचा फोटो त्याच खड्ड्यात काढलेला असेल तर तेही दिसतं.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. हे दोन्हीकडे चालतं आणि बऱ्याचदा पर्यावरणाच्या पेपरपेक्षा तिथेच पोरं जास्त शिकतात.

मग कुणी कुठे

मूल नागपुरातच घरी राहणार असेल तर मला विचार करायचं कारण दिसत नाही. शहरातलं कॉलेज घ्या. समुपदेशनाची उणीव मेडिकल आणि टेली-मानस भरून काढतील, मेट्रो आहे, आणि वाचलेल्या फीमध्ये बरंच काही होतं.

बाहेरगावाहून येणारं, पहिल्यांदाच घर सोडणारं, बुजरं मूल असेल तर बाहेरचा कॅम्पस, पण रात्रीच्या व्यवस्थेचं सरळ उत्तर मिळालं तरच. सोबत चारजण जेवायला असणं ही समुपदेशकाइतकीच मोठी सोय आहे.

शिष्यवृत्तीवरच शिक्षण चालणार असेल तर पुन्हा शहर. विज्ञान किंवा समाजकार्य घेऊन पर्यावरणात पुढे जायचं असेल तरीही शहरच, मात्र फाइली बघून.

आणि ज्याला आधीपासून औषधं सुरू आहेत, त्याने कॉलेजच्या आधी डॉक्टर ठरवावा, मग त्या दवाखान्यापासून एका बसच्या अंतरावरची कॉलेजं बघावीत. जायचं ते कामाच्या दिवशी, दुपारी तीननंतर, प्रवेशाची गर्दी ओसरल्यावर. त्या वेळी समुपदेशकाच्या दाराला कुलूप आहे की नाही ते आपसूक दिसतं.