ऊदाँच्या व्होल्तेरची जुनी प्लास्टर प्रत : आठ महिन्यांच्या सहवासानंतर
पॅरिसच्या उत्तर वेशीबाहेरील सँ-तुअँच्या जुन्या बाजारातून, अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार ज्याँ-आंत्वान ऊदाँ याने घडवलेल्या, फ्रेंच लेखक-तत्त्वज्ञ व्होल्तेरच्या अर्धपुतळ्याची एक जुनी प्लास्टर प्रत मी आठ महिन्यांपूर्वी घरी आणली. व्होल्तेर 1778 च्या फेब्रुवारीत, सुमारे 28 वर्षांनी, पॅरिसला परतला, ऊदाँसमोर बसला आणि 30 मे रोजी वारला. पुढे ऊदाँने तो चेहरा कधी केसांच्या टोपासह, कधी टोपाविना, संगमरवरात, ब्राँझमध्ये आणि प्लास्टरमध्ये पुनःपुन्हा केला. माझी प्रत उघड्या डोक्याची आहे.

ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या कार्यशाळेत ओतलेली असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. परंतु तिथल्या प्रतींवर सहसा असणारा शिक्का हिच्यावर कुठेही नाही, आणि कानामागची साच्याची जोडरेषा इतकी ओबडधोबड घासलेली आहे की ती बोटाला लागते. त्या दाव्यापोटी मोजलेले जादा पैसे मी बुडीत खात्यात टाकले आहेत.

या शिल्पाचा खरा जीव डोळ्यांत आहे. ऊदाँ बुबुळाच्या जागी खळगा कोरत असे, बाहुलीसाठी त्यात आणखी खोल जात असे आणि वरच्या कडेशी एक बारीकसा कण पुढे आलेला राखत असे. सावलीतल्या त्या कणावर उजेड पडला की डोळा ओलसर, जिवंत भासतो. माझ्या प्रतीत डावा कण शाबूत असून उजवा बोथट झाला आहे. पहिले दोन महिने पुतळा खिडकीसमोर होता, तेव्हा समोरच्या उजेडाने हे खळगे भरून जात आणि चेहरा अगदी सपाट दिसे. पुस्तकांच्या कपाटाशेजारी, डावीकडून वरचा दिवा येईल असा हलवल्यावर मात्र बसलेले गाल, आत ओढलेले ओठ आणि त्यांवरचे ते खट्याळ हसू प्रथमच दिसले.

विक्रेत्याच्या सल्ल्यानुसार ओल्या फडक्याने पुसण्याची चूक मी केली. प्लास्टर म्हणजे शेवटी जिप्समच, आणि ते पाण्यात किंचित विरघळते. हनुवटीखालचा जुना पिवळसर लेप निघून तिथे खडूसारखा पांढरा डाग पडला, तो अजून तसाच आहे. आता केवळ कोरडा, मऊ ब्रश वापरतो. धूळ नेमकी डोळ्यांच्या खळग्यांत आधी साचते आणि नजर मंदावते; तिथे ब्रश फिरवताना डाव्या कणाच्या काळजीने अजूनही हात आखडतो.

हीच प्रत आज बाजारात दिसली, तर जोडरेषा दाखवून घासाघीस करीन, आणि पैसे देण्याआधी टॉर्च आडवा धरून दोन्ही डोळे तपासून घेईन.