जुन्या हार्डवेअरचा ड्रायव्हर: कुठे शोधावा आणि शोध कुठे थांबवावा

विंडोज ११ बसवल्यावर चांगला चालणारा स्कॅनर ओळखेनासा होतो. त्याची काच स्वच्छ असते, दिवा लागतो, मोटर फिरते, तरी एका फाइलपायी, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणाऱ्या ड्रायव्हरपायी, तो अडगळीत जातो. अशी उपकरणं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मार्ग बरेच आहेत, पण प्रत्येक मार्ग प्रत्येक उपकरणाच्या कामाचा नाही.

मार्ग निवडण्याआधी दोन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली म्हणजे हार्डवेअर आयडी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसत असलेल्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, 'डिटेल्स' उघडा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. त्यातला एक क्रमांक चिप किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि दुसरा त्या चिपचा किंवा उपकरणाचा. संगणकाच्या आतल्या खाचेत बसणाऱ्या पीसीआय कार्डाच्या आयडीत ८०८६ दिसलं, तर चिप इंटेलची. नेटवर्क कार्ड, मोडेम, यूएसबी-सिरियल केबल यांच्या बाबतीत खोक्यावर नाव कुणाचंही असो, शोध चिपच्या नावाने घ्यावा.

दुसरी गोष्ट: कंपनीने ६४-बिट ड्रायव्हर कधी काढला होता का? विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते आणि तिच्यात ३२-बिट ड्रायव्हर कोणत्याही उपायाने चढत नाही. उत्तर 'नाही' असेल तर आणखी साइट धुंडाळण्यात वेळ घालवू नका. सरळ लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या किंवा जुन्या विंडोजच्या वाटेला लागा.

उत्तर 'हो' असेल तर पहिला दरवाजा कंपनीच्या साइटचा. तिथे फाइलबरोबर पूर्ण सॉफ्टवेअरही मिळतं. पण हा दरवाजा कायम उघडा राहीलच असं नाही. इंटेलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जुने ड्रायव्हर आणि बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) फाइली साइटवरून काढायला घेतल्या. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये डाउनलोड सेंटरमधून शा-१ या जुन्या पद्धतीची डिजिटल सही (फाइल कुणाची हे सिद्ध करणारी खूण) असलेल्या फाइली हटवल्या. अशा वेळी जुनी वेबपानं आणि फाइली जपणारं इंटरनेट अर्काइव्ह उपयोगी पडतं. त्याच्या वेबॅक मशीनमध्ये जुनं पान सापडतं, फाइल मात्र बऱ्याचदा सापडत नाही. तरी त्या पानावरून फाइलचं अचूक नाव कळतं, आणि मॉडेलच्या नावापेक्षा त्या नावाने शोधणं कितीतरी फलदायी ठरतं. अर्काइव्हवर ड्रायव्हर सीडींच्या प्रती आणि कंपन्यांच्या जुन्या एफटीपी सर्व्हरचे साठेही आहेत. त्या कुणीही चढवलेल्या असू शकतात, म्हणून फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीची डिजिटल सही पाहिल्याशिवाय ती चालवू नका.

नेटवर्क, साउंड, चिपसेट यांच्यासाठी मात्र मी आधी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग बघतो. तिथे हार्डवेअर आयडीनेच शोधता येतं आणि फाइल मायक्रोसॉफ्टकडूनच येते. मिळते ती कॅब, म्हणजे दाबून बांधलेली फाइल; ती उलगडायची आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर हाताने निवडताना 'हॅव डिस्क'मधून तो बसवायचा. सोबत स्कॅनिंगचा प्रोग्राम किंवा सेटिंगची खिडकी मिळत नाही, म्हणून स्कॅनरवाल्यांना हा मार्ग अपुरा पडतो. विंडोज ७ चा ६४-बिट ड्रायव्हर १० किंवा ११ वर पुष्कळदा चालून जातो. एक्सपीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरकडून ती आशा नको.

नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, हेही धरून चालू नका. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ चिपच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या केबलींना नवा ड्रायव्हर नाकारतो आणि ही चिप २०१२ पासून बंद केल्याचा संदेश दाखवतो. केबल शाबूत असते. जुना ड्रायव्हर हाताने निवडला की ती पुन्हा चालू लागते, फक्त विंडोज अपडेट तो बदलत नाही ना, यावर लक्ष ठेवावं लागतं.

एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर 'अपडेट' करून देणारे प्रोग्राम मी कुणालाही सुचवणार नाही. ते पैसे मागतात, आणि चुकीचा स्टोरेज ड्रायव्हर बसला तर संगणक सुरूच होत नाही. तशी सोय हवीच असेल, तर स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन बरा. तो मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि इंटरनेटविनाही चालतो. नव्याने विंडोज बसवलेल्या ज्या संगणकाचं नेटवर्क कार्डच ओळखलं जात नाही, तिथे त्याचा खरा उपयोग. त्याच्या ड्रायव्हरांचा पूर्ण साठा खूप मोठा आहे. आधी रिस्टोअर पॉइंट (गडबड झाल्यास विंडोज आधीच्या स्थितीत नेणारी नोंद) करा आणि अडलेल्या एकाच उपकरणावर खूण करा.

ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे हे सांगणाऱ्या आयएनएफ फाइलमध्ये फेरफार करून ड्रायव्हर बसवण्याचा सल्लाही दिला जातो. फाइल बदलली की सही मोडते आणि मग विंडोजची सही-तपासणी बंद करावी लागते. एका जुन्या कार्डासाठी बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकाचं संरक्षण उतरवणं मला पटत नाही.

स्कॅनर आणि प्रिंटरसाठी लिनक्स अनेकदा विंडोजपेक्षा सरस ठरतं. स्कॅनरसाठी सेन आणि प्रिंटरसाठी गुटेनप्रिंट हे प्रकल्प कंपनीने सोडलेली बरीच मॉडेल्स सांभाळतात. सेनच्या यादीत प्रत्येक मॉडेलला किती आधार आहे हे नोंदलेलं असतं. ते बघा आणि पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवून खात्री करा. संगणकावर काहीही बसवावं लागत नाही. विंडोज सोडायची नसेल तर व्ह्यूस्कॅन हा स्कॅनिंगचा प्रोग्राम आहे. तो विकत घ्यावा लागतो, पण चाचणी आवृत्तीत चित्रावर खूण उमटते एवढंच. तुमचा स्कॅनर चालतो का हे पैसे देण्याआधीच कळतं. मी या क्रमाने जाईन: रोज स्कॅनिंग असेल तर व्ह्यूस्कॅन, अधूनमधून असेल तर लिनक्स.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, जुनी विंडोज चालवणं हा ३२-बिट ड्रायव्हरवाल्या यूएसबी उपकरणांसाठी चांगला तोडगा आहे. त्या मशीनला इंटरनेट मात्र देऊ नका. पीसीआय कार्डांना हा मार्ग सहसा लागू पडत नाही, आणि पीसीआयच्याही आधीच्या आयएसए कार्डाला तर मुळीच नाही. मोजमापाचं किंवा यंत्र चालवणारं असं कार्ड असेल, तर त्याचा जुना संगणकच जपा. त्यातले ड्रायव्हर विंडोज १० किंवा ११ वर पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने एका फोल्डरमध्ये काढता येतात. त्याहून जुनी विंडोज असेल तर मूळ सीडीची प्रत आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा, दोन्ही वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि हे काम हार्ड डिस्क कुरकुरायला लागण्याआधी करा.